साडेएकोणीस कॅरेट

कॅमेरा फिरवा, पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली.
पाठवणारीचं नाव मरियम. गाव, देश, काही कळायला मार्ग नाही.
टेबलाखाली दाखवा. भिंती दाखवा. दाराला कडी आहे का?
मी लॅपटॉप उचलून विट्यातल्या आमच्या खोलीला
प्रदक्षिणा घातली.
गव्हाची कोठी. पतसंस्थेचं कॅलेंडर, ते काढा.
फळीवर पालथ्या घातलेल्या बापूंच्या मुशी.
हे काय आहे?
सोनं वितळवायची भांडी, मी टाइप केलं.
बराच वेळ काही उमटलं नाही.
मग: ठीक. सुरू करा.

नव्वद मिनिटं.
पलीकडच्या पत्र्याच्या शेडात एरवी सोळा माग
खटाक् खटाक् चालतात, आमच्या मांडणीवर ताटल्या सरकतात.
आज गप्प.
बापू सकाळीच हणमंत कोष्ट्याकडं जाऊन आलेले:
‘लेकीची परीक्षा हाय. दीड तास बंद ठेव. मजुरीचं मी बघतो.’
कसली परीक्षा, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मध्येच एकदा सूचना आली, ओठ हलवू नका.
मी पहिलीपासून पुटपुटत वाचते.
सात वर्षं पासबुकं छापत बसले त्या काउंटरवर
पुटपुटतच पाठ केलं सगळं,
बावीस, त्रेपन्न, ऐंशी, चारशे त्रेचाळीस.
पोर्टचे आकडे.
समोरच्या म्हाताऱ्याला वाटायचं, पोरगी आपलं व्याज मोजतेय.
आता ओठ दाबून धरले
आणि सबनेटचं गणित पायाच्या बोटांवर केलं.
तिथवर कॅमेरा पोचत नव्हता.

पहिल्या खेपेला सहाशे चौऱ्याऐंशी आले होते.
सातशेला पास.
त्या रात्री बापूंनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला.
कोइमतूरच्या दुकानातला केर,
एकोणीस वर्षं रोज दिवेलागणीला जमीन झाडून साठवलेला.
चार दिवस परसात भट्टी धगधगली
आणि एवढ्या धुळीतून निघाला
ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा थेंब.
दुसऱ्यांदा बसायची फी.
राहू द्या, मी म्हटलं.
‘धूळच तर व्हती,’ म्हणाले.

आज दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून
ते राखणीला बसलेले.
‘किती कस निघाला?’
‘हजारात आठशे बारा.’
त्यांनी डोळे मिटले.
मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.
हिशेब करत होते.
‘साडेएकोणीस कॅरेट. दागिन्याला चालतंय.
चोख चोवीसचं काय घडत न्हाय. वाकतंय.’

मग मला सांगावं लागलं,
याची मुदत तीन वर्षं, पुढं परत द्यायची.
‘असला कसला कस? सोनं कधी शिळं हुतंय व्हय?’

बापूंकडं कागद कधीच नव्हता.
कसोटीच्या दगडावर एक रेघ, तिच्यावर आम्लाचा थेंब,
रेघ किती उरली ते बघून सांगायचे, आणि पेढीवाले मानायचे.
मग बाजारात मशीन आलं,
मिनिटात आकडा छापून देणारं.
दुकानाच्या चाव्या मालकाला देऊन ते गावी आले
ते मुशी फळीवर पालथ्या घालायला.

जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,
‘तीन वर्षं. बरं हाय, सांगत्यात तरी.
मला न्हवतं कुणी सांगितलं.’

पुण्याहून अजून फोन यायचाय.
रात्रपाळी, हेल्पडेस्क, अठरा हजार, तेही ठरलं तर.
शेडात एकेक करून माग सुरू झाले,
फळीवर मुशी थरथरायला लागल्या.
मेल आली होती, माझं नाव बरोबर छापलेली.
मी ती ओठ हलवत वाचली.